भावजी, तुमच्या डोक्यावर माझी हॅट

भावजी, आधी माझा गाढवपणा सांगून टाकते. म्हणजे पुढे तुमचा सांगताना कोणी माझं तोंड धरायला नको.

काष्टीच्या आठवडे बाजारात, चपला आणि प्लास्टिकच्या बादल्या यांच्या मधोमध एक पथारी होती. तिथून मी एक काळी हॅट घेतली. विकणारा म्हणाला, "फेल्टची हाय मावशी, एकदम साहेबी." नाकाशी धरली तर खळीचा वास आला. टिचकी मारली तर पुठ्ठ्यासारखी वाजली. एवढं सगळं कळूनही घेतली. छप्पन्न वर्षांची घोडी होते मी, घरात जावई आलेला, पण डोकं असं तापलं होतं की त्याच्यावर आपण काय ठेवतोय हे बघायला सवड नव्हती. आंबाड्यामुळे हॅट बसेना, तर भर बाजारात आंबाडा सोडला, वेणी पाठीवर टाकली आणि हॅट कपाळापर्यंत ओढली. नवरा जाऊन दीड महिना झालेली बाई! आज ती मला रस्त्यात भेटली तर मी ओळख दाखवणार नाही.

ऊन चैत्राचं होतं. घाम आला आणि हॅटचा रंग सुटला. दोन्ही कानशिलांवरून काळे ओघळ गालावर, तिथून हनुवटीला, एक तर नाकाच्या कडेने थेट वरच्या ओठावर. मला पत्ता नाही. मला वाटलं घामच आहे. तेवढ्यात तुम्ही आलात, लिंबाच्या गोण्या उतरवून, टेम्पोची किल्ली बोटात फिरवत. माझ्याकडे नीट बघितलंत. अगदी नीट, मला आठवतंय. आणि म्हणालात, "वहिनी, एक नंबर! चला, रस पिऊ."

रसाच्या गाड्यावर नेलंत. तिथून बैलबाजारात नेलंत. तिथून लिंबाच्या व्यापाऱ्यांकडे, मग देवळाच्या पायरीपाशी, जिथे तालुक्यातली निम्मी रिकामी माणसं बसलेली असतात. प्रत्येकाला सांगत होतात, "ह्या आमच्या थोरल्या वहिनी." माणसं हात जोडत होती आणि लगेच तोंड फिरवत होती. मला वाटलं, हा हॅटचा दरारा. मी मान आणखी वर केली. परत येताना टेम्पोत बसून मनात म्हणत होते, बघा, डोक्यावर काही असलं की लोक कसे वागतात!

घरी आरसा बघितला. मी किंचाळले. तुम्ही ओट्यावर बसून वाटच बघत होतात. म्हणालात, "वहिनी, टोपी घातली म्हंजे मिशा बी पायजेत ना. म्हनून सांगितलं न्हाई."

पुढची अठरा वर्षं ही गोष्ट तुम्ही प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितलीत. माझ्या मुलीच्या सासरी जाऊन सांगितलीत. एकदा माझ्यासमोर बँकेच्या साहेबाला सांगितलीत. काल तुमचं तेरावं झालं, भावजी. आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. आता माझी पाळी.

तुमचा जन्म कधीचा आणि सोसायटीवर तुम्ही किती वर्षं होतात, ते मी इथे लिहिणार नाही. ते ज्यांना तुमच्याबद्दल दुसरं काही ठाऊक नाही त्यांनी लिहावं. मी ती हॅट का घेतली, ते लिहिते. कारण तुम्ही गोष्ट सांगताना नेहमी बाजारापासून सुरुवात करायचात. तिच्या आधीचं एक प्रकरण सोयीने गाळायचात.

आपल्याकडे तेराव्याला टोपी असते. गेलेल्या माणसाच्या वारसाला पाटावर बसवतात, सोयरे पुढे येतात, नवी पांढरी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवतात, खांद्यावर टॉवेल टाकतात. त्या क्षणापासून गावाच्या लेखी घरात शब्द त्याचा. सात-बारावर काहीही असो. माझ्या नवऱ्याच्या तेराव्याला पाट मांडला, आणि आम्हाला मुलगा नाही म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लिंबाच्या बागेची वाटणी कधीच झालेली होती. बांधाच्या अलीकडे आमची, पलीकडे तुमची. तरी तुम्ही धोतर सावरलंत आणि सरळ पाटावर जाऊन बसलात, बसमध्ये खिडकीची जागा धरावी तसे.

माझी सुनंदा उभी राहिली. म्हणाली, "काका, बाग आईची हाय. टोपी आईला ठेवा."

तुम्ही हसलात. तुमचं ते हसणं मला आवडायचं, हेही सांगते, कारण लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्यांदा मला हसवणारे तुम्हीच होतात. पण त्या दिवशी तुम्ही हसून म्हणालात, "बाईच्या डोक्याला टोपी कशी बसनार गं? आंबाडा आडवा येतो."

सगळा मांडव हसला. सुतकातली माणसं, बारा दिवस हसली नव्हती, त्यांना निमित्तच पाहिजे होतं. आणि टोपी तुमच्या डोक्यावर गेली.

दुसऱ्या आठवड्यापासून व्यापाऱ्याची गाडी माझ्या बागेतली लिंबं बघून तुमच्या दारात थांबायला लागली. छाटणी कधी करायची ते तुम्हाला विचारणार. पाणी कधी सोडायचं ते तुम्हाला विचारणार. एकदा तर माझ्या दारात उभा राहून एकाने मला विचारलं, "घरी कोन हाय का?" मी समोर उभी होते भावजी, पाच फूट दोन इंच.

म्हणून ती काळी हॅट. रागाने घेतलेली वस्तू कधी टिकत नाही, हे मला ओठावर मिशी उमटल्यावर कळलं.

पण मी सोडलं नाही. सुनंदा मला पुण्याला घेऊन गेली, तिथे टोप्यांचं एक जुनं दुकान आहे. दुकानदार माझ्याहून म्हातारा. त्याने माझ्या डोक्याभोवती फीत धरली, कपाळावरून, कानांच्या वरून, आणि एकच प्रश्न विचारला, "रोज घालणार की फोटोपुरती?"

मी म्हटलं, "रोज. लिंबाच्या बागेत."

त्याने दोन हॅटी काउंटरवर ठेवल्या. एक लोकरीच्या फेल्टची, एक सशाच्या केसांच्या फेल्टची. फेल्ट म्हणजे विणलेलं नाही, दाबून घट्ट केलेलं कापड. म्हणाला, "बागेसाठी ही दुसरी घ्या." मी पहिली घेतली. काष्टीला स्वस्तातली चूक केली होती, पुण्याला मधल्या भावाची केली. मनात म्हटलं, म्हातारा मला गंडवतोय. साठीकडे झुकले होते आणि अजून मला वाटत होतं की दुकानदार एखादी गोष्ट महाग सांगतो तेव्हा तो लबाडच असतो.

पण खरं सांगू, त्या लोकरीच्या हॅटने मला पहिल्यांदा कळलं की ही वस्तू रुबाबाची नाही, कामाची आहे. लिंबाचे काटे तुम्हाला ठाऊक आहेत. पदर घेऊन झाडाखाली शिरलं की पदर फांदीवर राहतो आणि आपण पुढे जातो. चाळीस वर्षं डोक्याला ओरखडे काढून घेतले, खोबरेल लावलं, आणि हे असंच असतं म्हटलं. हॅट घालून पहिल्यांदा झाडाखाली वाकले तर काटे वरच्या वर सरकले. मी तिथेच उभी राहून हसले. एवढी साधी गोष्ट पुरुषांनी आपल्याला सांगितली कशी नाही? मग लक्षात आलं, तुमच्याही डोक्यावर पातळ कापडाची पांढरी टोपी. तुम्हालाच ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांत काट्यांनी लोकरीचे पुंजके उपटले. एका पावसात कड नागमोडी झाली, उन्हात वाळताना ती आकसली आणि दुसऱ्या दिवशी कपाळावर करकचून बसली. किटलीच्या वाफेवर धरून मी तिला पुन्हा वळण लावत होते, ब्रशने साफ करत होते, आजारी माणसाचं करावं तसं करत होते. आणि एक दिवस टेम्पोच्या सीटवर ठेवलेली ती हॅट तुमच्या बुडाखाली गेली.

"दिसलीच न्हाई वहिनी," म्हणालात.

गुळाच्या ढेपेएवढी हॅट, भावजी. तुम्हाला बांधावरून माझ्या बागेतलं पिकलेलं लिंबू दिसायचं. हॅट दिसली नाही?

मी पुण्याला परत गेले. म्हाताऱ्याने ती चपटी झालेली हॅट हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "काकू, मी दोन वर्षं तुमचीच वाट बघत होतो." मग सशाच्या फेल्टची काढली. जुन्या गुळाचा रंग. हातात घेतली आणि मला वासराचा कान आठवला, तसा मऊपणा, आणि आत घट्टपणा. आतून चामड्याची पट्टी, घाम पिऊन घेणारी. त्याने मला शिकवलं, वरच्या खळग्यात बोटं घालून उचलायची नाही, दोन्ही हातांनी कडेला धरून उचलायची. ठेवायची ती उताणी, म्हणजे कड मोडत नाही. पावसात भिजली तर उन्हात नाही, सावलीत वाळवायची. आंबाड्याचं काय करायचं तेही त्यानेच सांगितलं. खाली मानेवर बांधा, म्हणाला, त्याची बायको तसाच बांधायची. एवढंच. अठ्ठावन्न वर्षांच्या पुराणाचं उत्तर दोन इंच खाली होतं.

तुमच्या त्या वाक्याला मी त्या दिवशी दुकानातच उत्तर दिलं. तुम्ही ऐकायला नव्हतात म्हणून काय झालं.

तेव्हापासून ती रोज डोक्यावर. बागेत, बँकेत, दवाखान्यात, श्रीगोंद्याला बियाण्याच्या दुकानात. पहिले दोन महिने लोक बघत होते, मग बघायचे थांबले. आणि एका सकाळी व्यापाऱ्याचा नवा माणूस गाडी घेऊन आला. मी झाडाखाली वाकलेली होते. त्याने हाक मारली, "मालक कुठं हायेत?"

मी म्हटलं, "हॅटखाली बघा."

तो गडबडला. मग गाडीवरून उतरला, चपला बाजूला काढून झाडाखाली आला, लिंबं हातात घेऊन माझ्याशी बोलला. त्या दिवसापासून त्याची गाडी आधी माझ्या फाटकापाशी थांबायला लागली. तुमच्या फाटकावरून हे दिसत होतं. दिसत होतं ना?

म्हणून तर तुम्ही सशाचं प्रकरण काढलंत. भजनात, टाळ खाली ठेवून, सगळ्यांसमोर. "माळकरी बाई आन डोक्यावर मेलेला ससा!" मला वाटलं जमीन फाटावी. सशाबद्दल मी स्वतःच विचार केला होता, दुकानदाराला विचारलंही होतं. तो खरं बोलला होता. म्हणाला, खाण्यासाठी मारलेला असणार, केस त्याचे उरलेले. मी माळेला हात लावून रात्रभराचा विचार त्या दुकानात पाच मिनिटांत केला होता आणि घेतली होती. ते माझं आणि देवाचं होतं. तुम्ही ते चावडीवर आणलंत.

मी तुम्हाला विचारलं, "भावजी, मृदंगाला काय कागद लावलाय का?"

तुम्ही म्हणालात, "त्ये देवाचं हाय."

"मग ससा कुनाचा हाय?"

यावर तुम्ही टाळ उचललात आणि अभंग सुरू केलात. पंधरा वर्षं झाली, त्याचं उत्तर अजून यायचं आहे. दर महिन्याला मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "विचार करून सांगतो." आता करा विचार. सवडच सवड आहे. आणि हो, ती माळ गळ्यात घालून तुम्ही हायवेच्या ढाब्यावर अंडाकरी खायचात, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. माझ्या जावेला, शकूला, कधी सांगितलं नाही. आता लिहूनच ठेवते.

ही झाली तुमची बाजू. आता माझी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारची वेळ. मोटारीच्या खोलीपाशी मी हॅट खुंटीला अडकवली आणि विहिरीवर हातपाय धुवायला गेले. परत येते तर तुमची मोटरसायकल उभी, आणि तुम्ही तिच्या आरशापुढे वाकलेले. डोक्यावर माझी हॅट. आधी सरळ घातलीत. मग डावीकडे कलवलीत. मग एक भुवई वर. मग कमरेवर हात ठेवून, छाती काढून, मागे एक पाऊल सरकलात, पुन्हा पुढे आलात. ओठ असे केलेत, जसे तरुणपणी जत्रेत फोटो काढताना करायचात. पत्र्याच्या आड उभी राहून मी मोबाईल काढला. एकच फोटो घेतला. मग जोरात खोकले, आणि मी दारात पोचेपर्यंत हॅट खुंटीवर आणि तुम्ही मोटारीचा फ्यूज बघत होतात.

मी काही बोलले नाही. दोन वर्षं बोलले नाही. भावजी, मला एवढी सबुरी कधी होती? पण म्हटलं, जपून ठेवावं. योग्य दिवस येईल.

तुम्ही आजारी पडलात आणि योग्य दिवस लांबत गेला. या हिवाळ्यात रोज सकाळी मी बांध ओलांडून यायचे. तुम्ही ओट्यावर उन्हात बसलेले, कानाला मफलर, श्वास भात्यासारखा. मी समोर बाजेवर बसायचे, हॅट न काढता. मला तुमच्याकडून एक वाक्य पाहिजे होतं. फक्त एक. "वहिनी, त्या दिवशी टोपी तुमच्याच डोक्यावर पायजे हुती." मी त्याचं उत्तरही तयार ठेवलं होतं, उदार मनाचं, जरा खोटं. म्हणणार होते, जाऊ द्या हो, झालं गेलं. आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

एक दिवस तुम्ही हात पुढे केलात. "बघू."

मी हॅट काढून दिली. तुम्ही ती दोन्ही हातांनी, कडेला धरून घेतलीत. खळग्यात बोट लावलं नाहीत. अंगठ्याने फेल्ट कुरवाळलंत, आतली चामड्याची पट्टी बघितलीत, आणि बाजेवर ठेवलीत ती उताणी. कोणी शिकवलं तुम्हाला? मी तर नाही. म्हणजे इतकी वर्षं बांधापलीकडून तुम्ही बघत होतात.

"घाम लई पेलाय हिनं," म्हणालात.

मी थांबले. पुढचं वाक्य आता येईल म्हणून थांबले. शेवटी विचारलं, "आनखी काय सांगायचंय?"

तुम्ही डोळे मिटलेत. "चा सांगा शकूला."

मला इतका राग आला की मी चहा न घेता उठले. तुम्ही मागून म्हणालात, "वहिनी, ऱ्हाऊ द्या की हितंच जरा, कान गार पडत्यात." आणि मी काय म्हणाले ते या घरात तुम्हाला आणि मलाच ठाऊक आहे. मी म्हणाले, "पुरुषाच्या डोक्याला कशी बसनार?" हॅट घातली आणि निघाले. तुम्ही हसलात, मग हसण्याचा खोकला झाला, तो खोकला मला बांधापर्यंत ऐकू येत होता. मी वळले नाही.

नवव्या दिवशी तुम्ही गेलात.

मी रडले, भावजी. तीन दिवस रडले. बायका म्हणाल्या, दिरावर किती जीव! जीव होताच, पण निम्मं रडू रागाचं होतं. तुम्ही पळून गेलात. इतकी वर्षं दाराशी बसून मी तुमच्या एका वाक्याची वाट बघितली आणि तुम्ही मागच्या दाराने गेलात. आणि वर त्या दिवशी माझं वळून न बघणं माझ्या पदरात टाकून गेलात.

मग चौथ्या दिवशी रामदास आला. तुमचा रामदास, कारखान्यातून रजा काढून आलेला, डोळे सुजलेले. "थोरली आई, श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचाय स्टँडवर. तात्याचा एक फोटो धड न्हाई. ह्याच्यात डोळे मिटल्यात, त्याच्यात पुढाऱ्याचा हात आडवा आलाय. तुमच्या मोबाईलमधी हाय का एखादा?"

मी डोळे पुसले. खरंच पुसले. आणि म्हणाले, "हाय की."

रामदास बघतच राहिला. म्हणाला, "तात्या असा कधी दिसला न्हाई मला." आणि तोच फोटो फ्लेक्सवाल्याला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेले. बारा फूट उंच, भावजी. वर ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली हात जोडलेले शोकाकुल, आणि मध्ये तुम्ही. डावीकडे कललेली माझी हॅट, वर चढलेली भुवई, तो ओठ. बाईच्या डोक्यावरची वस्तू तुमच्या डोक्यावर, भर चौकात, एसटीच्या प्रत्येक खिडकीतून दिसेल अशी. मी खाली उभी राहून डोळे भरून बघितलं. काळे ओघळ, बैलबाजार, देवळाची पायरी, बँकेचा साहेब, सगळ्याचा हिशेब त्या एका चौकटीत पुरा झाला होता. मी चहावाल्याकडून स्पेशल चहा घेतला.

तेवढ्यात बाकावरचा एक जण म्हणाला, "काय दिसत्यात तात्या! मिलिट्रीतला मानूस वाटतो." दुसरा म्हणाला, "आपुन तेस्नी वळखलंच न्हाई." कॉलेजच्या दोन पोरी फ्लेक्सपाशी उभ्या राहून फोटो काढत होत्या. आणि नगरच्या गाडीतून उतरलेला एक अनोळखी म्हातारा माझ्याकडे आला, फ्लेक्सकडे बघितलं, माझ्या डोक्याकडे बघितलं, आणि हात जोडून म्हणाला, "तेंची आठवन म्हनून घालता व्हय माय? लई चांगलं केलं."

भावजी, मी तो स्पेशल चहा तसाच बाकावर ठेवला. सोळा वर्षं मी कमावलेली हॅट तुम्ही एका सकाळीत तुमची करून टाकलीत. मरून! आणि तुम्हाला ती माझ्यापेक्षा चांगली दिसत होती, हे वेगळंच. मी फ्लेक्सवरच्या तुमच्याकडे बघितलं. शपथ घेऊन सांगते, ती भुवई आदल्या क्षणापेक्षा जास्त वर गेली होती.

तिथेच मला हसू फुटलं. एसटीच्या स्टँडवर, सुतकात, तोंडाला पदर लावून मी हसले. मग लक्षात आलं की हे हसणं सांगायला जावं असा माणूस एकच होता. आणि तो वर टांगलेला होता.

पण दिवस जात होते आणि मला एक गोष्ट टोचत होती. शकू माझ्याशी बोलत नव्हती. तुमच्या शकूने फ्लेक्स बघितला होता. हॅट कोणाची हे तिला न कळायला ती काय आंधळी आहे? रोज मी दुःखाला जाऊन बसायचे आणि ती तोंड फिरवून दुसऱ्या बायकांशी बोलायची. तुमच्यावर उगवलेला सूड तिच्या अंगावर पडला, असं मला वाटायला लागलं. तुमच्याशी माझं भांडण होतं. तिच्याशी कधीच नव्हतं. तिने तर माझ्या त्या काळ्या मिशा खोबरेल लावून पुसल्या होत्या, अर्धा तास, एक शब्द न बोलता.

काल पाट मांडला. रामदास बसला. सोयऱ्यांनी टोपी ठेवली, टॉवेल टाकला. मी पहिल्या ओळीत हॅट घालून बसले होते. तुमच्या मामाकडच्या म्हाताऱ्याने मला ती काढायची खूण केली. मी त्याला नमस्कार केला आणि तशीच बसून राहिले. मांडवात कोणी हसलं नाही. अठरा वर्षांपूर्वी हेच सगळे हसले होते, मी सगळ्यांचे चेहरे एकेक करून बघितले. कोणी नाही. मला जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. पण मी शकूकडे बघत होते. ती भिंतीला टेकून, गुडघ्यात मान घालून बसली होती. रामदासच्या डोक्यावर टोपी गेली तेव्हा तिने मान वर केली, एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बागेकडे.

तुमची बाग, भावजी. 'तुमची' म्हणायची आपली एक पद्धत. तुम्ही सोसायटीत आणि देवळाच्या पायरीवर असताना ती कोण बघत होतं, हे बांधाच्या अलीकडून मला नेहमी दिसायचं. मी हे तुम्हाला कधी बोलले नाही. माझ्याच डोक्याच्या भांडणात मी इतकी गुंतले होते की शेजारचं डोकं मला दिसलं नाही. हा माझा दुसरा गाढवपणा, आणि हा तुम्हाला चिडवायला मिळणार नाही.

जेवणं झाली, पाहुणे पांगले. मी पत्रावळ्या गोळा करत होते. शकू आली, माझ्या हातातून त्या काढून घेतल्या आणि बाजूला ठेवल्या. मी म्हटलं, "शके, माझं चुकलं. फोटो द्यायला नको हुता."

तिने माझ्या हॅटच्या कडेवर बसलेली अक्षता बोटाने उडवली. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली:

"त्यो फोटो ऱ्हाऊ द्या अक्का, मला आवडला. पन सोमवारी व्यापारी यायचाय. टोपी रामदासला दिली, त्यो जाईल कारखान्यात. बोलनं मी करनार हाय. माझी जीभ अडकंल, मला सवय न्हाई. तुमी काय बी बोलू नका, नुसत्या माझ्या शेजारी येऊन बसा. हॅट घालून."